ताटावर आडवा हात

शेजारी देशांच्या मैत्रीवर कुणी भाषण करू लागलं की मला जांभई येते. एवढ्या लांबलचक भाषणांची गरज काय, असं वाटतं. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांची गाठ आमच्याच घरी, शिवाजी पार्कामागच्या दोन खोल्यांत पडली होती, आणि त्या भेटीत दोन्ही बाजूंनी जेवढं सौजन्य दाखवलं गेलं तेवढं मी पुढे कुठेच पाहिलं नाही. त्या सौजन्यानेच सगळा घोळ केला.

मी तेव्हा फोर्टात तांदूळ आयात करणाऱ्या एका कंपनीत कारकून होतो. रंगूनच्या कचेरीत इथला एक माणूस घेणार, असं कानावर आलं होतं. मला जायचं होतं. इतकं की पासपोर्टचे फोटो काढून तयार होते आणि आरशासमोर टोपी घालण्याचा सराव चालू होता. निवड करणारा ब्रह्मी अधिकारी मुंबईत आला, तेव्हा साहेब म्हणाले, "घरी जेवायला ने त्याला."

आईने पुरणाचा घाट घातला. पाहुणा रेशमी लुंगी नेसून आला, पाटावर छान मांडी घालून बसला, हसला आणि जेवू लागला. आपल्याकडे वाढणारीने आग्रह करायचा, जेवणाऱ्याने "नको, नको" म्हणत ताटावर आडवा हात धरायचा, तरी एक पडते, मग सगळे खूष. आई पोळी घेऊन आडव्या हाताची वाट बघत उभी. हात येईना. तिने वाढली. त्याने खाल्ली. मी इंग्रजीत विचारलं, "अजून एक?"

तो म्हणाला, "हो, हो."

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे, हा हात धरतच नाही. उपाशी आहे का बिचारा? तिकडे खायला मिळत नाही?"

"तांदूळ तिकडूनच येतो, आई."

"भात मिळत असेल रे. पोळीचं काय?"

आणि ती परत गेली, तुपाची वाटी घेऊन. त्याच्या कपाळावर घाम आला. हसू तसंच होतं. शेवटी त्याने हळूच लुंगीची गाठ सैल केली आणि मागच्या भिंतीला टेकला तो टेकलाच. उठता येईना. बाहेर मैदानावर सभेला लोटलेली गर्दी, टॅक्सी मिळेना. त्याला माझ्या खाटेवर आडवा केला.

खालच्या मजल्यावर एक काकू होत्या. अर्धं आयुष्य रंगूनला काढून महायुद्धात पायी परत आलेल्या. त्या ओवा घेऊन आल्या, त्याच्याशी ब्रह्मी भाषेत कुजबुजल्या आणि पदर तोंडाला लावून हसत खाली बसल्या.

"अहो, दुसऱ्या पोळीलाच पोट भरलं होतं त्याचं. तिकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. समोरच्याचं मन मोडतं ना. वाढणारीने ओळखून थांबायचं असतं."

"मग मी काय त्याच्या पोटात शिरून बघू?" आई म्हणाली. "देवाने हात कशाला दिलाय?"

पाहुण्याने काकूंना काही विचारलं. काकूंनी आम्हाला सांगितलं, "म्हणतो, माझं काय चुकलं? बाई रागावल्यात का?"

मग आईचं काकूंना, काकूंचं त्याला, त्याचं इंग्रजीत मला, माझं आईला. मैदानावरून घोषणा येत होत्या आणि मी मधल्या मध्ये इतका थकलो की त्याच्या शेजारी खाटेवर टेकलो.

अंधार पडता पडता टॅक्सी मिळाली. दार लावताना मी विचारलंच, "माझं रंगूनचं होईल ना?"

"हो, हो," तो म्हणाला.

मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. काकू त्यांच्या मजल्यावर जिन्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "फार आशा धरू नकोस रे," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्यावर रागावलो.

बरेच दिवस गेल्यावर साहेबांनी बोलावलं. रंगूनची जागा तो अधिकारी इथे यायच्या आधीच तिकडच्या एकाला दिलेली होती. साहेब संतापले होते. "तोंडावर सांगायला काय झालं होतं? अशा माणसांवर भरवसा कसा ठेवायचा?" रंगूनमध्येही त्याच वेळी कुणीतरी कुणाला सांगत असणार, की मुंबईचे लोक भरल्या पोटाच्या माणसालाही सोडत नाहीत.

समजावून सांगायला मी तोंड उघडलं. साहेबांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. कॉटन ग्रीनच्या गोदामात रंगूनचा नवा तांदूळ आला होता. पोती उतरवून घ्यायला कुणीतरी जायला हवं होतं.