अदबीची थुंकी

वर्षाराणी मूळची केनवडची. मंगरूळपीरच्या दवाखान्यात ती बेडके तपासते, क्षयाचे जंतू शोधते. तिला बघायला पाहुणे आले, मुलगी काय करते म्हणून विचारलं, तर आईनं तोंड उघडायच्या आत हिनं सांगून टाकलं, "बेडके तपासते!" पाहुण्यांचे पोहे बशीतच राहिले. आईनं कपाळावर हात मारला. ही मात्र खुशाल हसत होती. ज्याला बेडक्याची किळस त्याच्या घरी नांदून करायचं काय, असा तिचा सरळ हिशेब.

कामावर तिचं जीवापाड प्रेम. काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसल्या, की ती खुर्चीतून उठतेच. चोर सापडला, आता औषध सुरू! पण चोर सापडायला माल छातीतला लागतो. लोक देतात तोंडातली थुंकी, आणि मग ही दिवसभर ओरडत असते.

असेच एकदा रऊफचाचा आले. चाचा पिंजारी, गाद्या-रजया भरणारे, बोलणं मधासारखं. महिनाभर खोकत होते, तर म्हणे रुईची धूळ आहे. सून कमरुन्निसा त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. चाचांनी डबी दिली. नमुना विहिरीच्या पाण्यासारखा स्वच्छ, वर इलायचीचा वास! तपासणीत काही निघालं नाही. परत बोलावलं, परत तेच.

मग एके दिवशी कमरुन्निसा एकटीच आली आणि दारातच रडायला लागली.

"ताई, रिपोर्ट साफ हाये म्हणून अब्बा दुआले मांडीवरून खाली ठेवत नाईत. आन् खोकला तर वाढूनच राह्यला. मले लय भेव वाटते."

दुआ म्हणजे चाचांची नात, चार महिन्यांची. एवढ्याशा जिवाला हा रोग लागला तर मेंदूपर्यंत जायला वेळ लागत नाही, हे वर्षाराणीला पक्कं ठाऊक होतं. तिनं काच पुन्हा पाहिली. सगळ्या गालाच्या पेशी, छातीतलं काही म्हणजे काहीच नाही. तिनं चाचांना तडक बोलावून घेतलं.

"चाचा, मले थुंकी काहून देता?"

"बेटी, तू माह्या पोरीच्या वयाची. तुह्या हातात घाण कशी देऊ? चूळ भरतो, इलायची चघळतो, मंगच देतो."

आता या माणसावर रागवावं की त्याच्या पाया पडावं! "अहो चाचा, मले ती घाणच पायजे!"

"बाईमाणसासमोर खाकरणं बरं दिसते का?"

अदब, अदब, अदब! तिनं त्यांना बाहेर कडुनिंबाखाली नेलं, स्वतः लांब उभी राहिली, तोंडाला मास्क, कमरेवर हात, आणि म्हणाली, "असं!" मग गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मिळून खाकरावं तशी खाकरली. झाडाखालची बकरी दावं तोडून पळाली. चाचा आधी लाजले, मग फिस्सकन हसले, आणि हसता हसता छातीतून अशी उबळ आली की विचारू नका. डबी भरली.

त्या काचेवर लाल काड्याच काड्या होत्या.

चाचांना तिनं त्या दाखवल्या. "या माह्या छातीत? कवापासून?"

"कितीक वर्षं झोपून असतीन. अंगानं भवताल कुंपण घातलं होतं. उमर झाली, कुंपण मोडलं, जागे झाले."

"मंग दुआ?"

"तिची तपासणी करू, रोग लागू नये म्हणून तिलेही औषध देऊ. तुमी दूर झोपा. आन् बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडसान तर याद राखा! गादीतले ढेकूण कसे? उन्हात टाकली का वरचे मरतेत, शिवणीतले राह्यतेत. गोळ्या शिवणीतल्यांसाठी हायेत."

पिंजाऱ्याला हे पटायला क्षणही लागला नाही. दुआच्या तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा चाचा मास्क लावून दवाखान्याच्या पायरीवरच ढसाढसा रडले. मग दुकानात गाद्यांच्या चळतीशेजारी झोपू लागले. नातीला रस्त्यावरूनच हाका मारायचे, ती खिडकीतून बघायची, आणि त्यांचा जीव तुटायचा. पण एक गोळी चुकवली नाही.

दोन महिन्यांनी पुढच्या तपासणीचा नमुना दिला, तोही खरा, छातीतला. वर्षाराणीनं काच दोनदा पाहिली आणि धावतच बाहेर आली. "चाचा, साफ! खरंखुरं साफ! डॉक्टर म्हणतेत, नातीले घ्या. गोळ्या मात्र चालूच!"

कमरुन्निसा दुआला घेऊन फाटकाशी उभी होती. चाचांनी हात पुढे केले, मागे घेतले. "नक्की ना, बेटी?"

"घ्या हो!"

त्यांनी घेतलं. दुआनं ओठ काढला, आता रडणार असं वाटलं, आणि तिनं दोन्ही मुठींनी त्यांची दाढी गच्च धरून ओढली. चाचा कमरेत वाकले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अगं माय! सोडवू का, चाचा?"

"हात लावू नको," चाचा म्हणाले. "ओढू दे तिले."