समोरच्या खिडकीचं काळं कापड

मंडळी, आज फार लाज वाटतेय.

दुपारी बोईसरला माझ्या घरी आमच्या सिनेमावेड्या टोळीने जुना कृष्णधवल गुन्हेपट लावला होता. उजेड येऊ नये म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मी जाड पडदा मागितला होता. कुणी दिला नाही.

सुरू व्हायच्या आधी गप्पा रंगल्या. या सिनेमांतली गूढ, संशयास्पद बाई आपल्या मालिकांतही अजून कशी टिकून आहे, वगैरे. मी फुशारकीने म्हणालो, "मालिका कशाला, आमच्या समोरच राहते एक! रात्री जाते, सकाळी येते. खिडकीला दिवसभर काळं कापड. नक्की काहीतरी लपवतेय." सगळे हसले.

दार उघडंच होतं. दारात त्याच ताई उभ्या, हातात तेच कापड.

"तुमी पडदा मागितला होता ना? मी नर्स हाय, रातपाळी करून दिवसा झोपते. काल रातची सुट्टी होती, आज वापरा. उद्या सकाळी लागंल मला."

अंधार अगदी हवा तसा झाला. सिनेमा मात्र मला दिसलाच नाही.

कापड अजून माझ्याकडेच आहे. त्यांची खिडकी आज पहिल्यांदाच उघडी दिसतेय, आणि तिकडे बघायची माझी हिंमत नाही. परत द्यायला जाताना काय बोलू, सांगा ना कुणीतरी.