पोवळ्याची करंगळी

मॅट्रिक झालेली सून घरात आली की तिच्याबरोबर थोडी नसती अक्कलही येते. माझ्याबरोबर ती आली, आणि ट्रंकेत एक अद्भुत कादंबरी आली. माहेरी मी तिची पारायणं केली होती. एक खलाशी समुद्राच्या तळाशी असलेल्या महालात मोती आणायला जातो, तिथली राणी त्याचं हळूहळू पोवळं करून टाकते, आणि इकडे किनाऱ्यावर त्याची बायको रोज दिवा लावते. तो परत येत नाही. शेवटच्या पानावर बायको म्हातारी झालेली असते आणि दिवा तेवत असतो. त्या पानाशी मी दर वेळी रडायचे, आणि ते रडणं मला फार आवडायचं.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत सासूबाई दुपारी गॅलरीत बसून पोथी वाचायच्या. शेजारच्या बायका तांदूळ निवडत ऐकायच्या. एकदा पोथी संपली आणि त्यांनी माझी कादंबरी मागून घेतली. ऐकणाऱ्यांत बाजूच्या खोलीतल्या मालवणच्या वहिनी होत्या. त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर होते. पूर्वी बंदराबंदरातून पत्र यायचं, अलीकडे बरेच महिने काहीच आलं नव्हतं.

सासूबाईंनी सगळं पुस्तक जसंच्या तसं वाचलं. शेवटच्या प्रकरणात मात्र त्यांचा खलाशी खुशाल परत आला. वाळू झटकत, घराच्या पायऱ्या चढून. फक्त डाव्या हाताची करंगळी तेवढी पोवळ्याची राहिली होती. वाचता वाचता त्यांनी पानसुद्धा अगदी ऐटीत उलटलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायका उठून गेल्यावर मी म्हटलं, "पुस्तकात असं नाहीये."

"ठाऊक आहे. मलाही वाचता येतं."

"मग?"

"पोथी कधी मरणावर थांबवतात का गं? पुढे काही चांगलं येईपर्यंत वाचायचं असतं. तुझ्या लेखकाने पुढे लिहिलंच नाही, त्याला मी काय करू?"

"आणि ती करंगळी?"

"सगळंच्या सगळं परत मिळालं म्हटलं, तर कोण खरं मानेल?"

नंतर बायकांनी तो शेवट त्यांच्याकडून आणखी दोन-तीनदा वाचून घेतला. पण आपल्या आवडत्या पुस्तकाची अशी पोथी झालेली मला मुळीच रुचली नव्हती.

पुढे त्या कादंबरीवर सिनेमा निघाला. बायकांसाठी खास खेळ लागला तेव्हा आमची अख्खी गॅलरी नटूनथटून गेली. मी पुस्तक मनात उघडं ठेवूनच बसले होते. पुस्तकात खलाशी समुद्रात उतरतो ते सबंध प्रकरण निःशब्द आहे, वाचताना आपलाच श्वास ऐकू येतो. सिनेमात तो तळाशी पोचतो न पोचतो तोच राणीने मैत्रिणींसह गाणं सुरू केलं. मासे दोऱ्यांना टांगलेले दिसत होते. समुद्र असा, की मिठागरांपलीकडच्या आमच्या खाडीलाही त्याहून जास्त लाटा. बायकोला एक विनोदी भाऊ दिला होता, तो कारण नसताना विहिरीत पडायचा. मी मनातल्या मनात एकेक चूक काढत मजेत होते.

दिवा मात्र त्यांनी झकास दाखवला. सगळा पडदा काळा आणि मध्ये तेवढी एक ज्योत. इतक्या वेळा वाचूनही मला तो दिवा एवढा एकटा कधी दिसला नव्हता. आणि शेवट, कोणाला खरं वाटणार नाही, पण त्यांनी पुस्तकातलाच ठेवला होता. खलाशाचं पोवळं झालं ते झालंच.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण माझी नजर वहिनींकडे गेली. आजूबाजूच्या बायका हुंदके देत होत्या आणि त्या पदराचं टोक मुठीत धरून नुसत्या बसल्या होत्या. इमानाने वागल्याबद्दल मला त्या सिनेमाचा भयंकर राग आला.

"पुस्तकाची पार वाट लावली मेल्यांनी," बाहेर पडताना कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी री ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी तांदळाचं सूप न घेताच आल्या. फळीवरची कादंबरी काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"तू शिकलेली. शेवट तू वाच."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली नाही, की काही सांगितलं नाही. मी शेवटचं प्रकरण उघडलं. समोर छापलेलं होतं, 'तो आला नाही.' मी वाचायला सुरुवात केली. तो आला. वाळू झटकत आला, पायऱ्या चढला. बायकोने त्याचा हात हातात घेतला, तेव्हा तिला ती करंगळी गार लागली. सासूबाईंचे शब्द मला इतके पाठ असतील असं वाटलं नव्हतं. माझा आवाज कुठेही अडला नाही, याचा मला अभिमानच वाटला.

मी पुस्तक मिटलं. वहिनी माझ्या हातांकडे बघत होत्या.

"तो येता थंय तुझी सासू पान परतता," त्या म्हणाल्या. "तू नाय परतलंस."

वहिनींनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उघडलं आणि पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं.

"जावंदे," त्या म्हणाल्या. "करंगळीपासून परत वाच गो."