हिरव्या खोलीत जोडलेला पेनड्राइव्ह

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर बघून लोक आधी हसतात. स्क्रीनवरच्या एका खिडकीला लाल कड, दुसरीला पिवळी, तिसरीला हिरवी. "ताई, रंगपंचमी खेळताय का?" असं एकानं विचारलं होतं. मी हसून सोडून देते. सांगत बसलं तर त्याचं काम राहतं आणि माझंही. पण इथं सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या मामानं काय केलं ते कळायचं नाही.

शिरूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. कारेगावच्या कारखान्यांतली माणसं अर्ज, तक्रारी, दाखले घेऊन येतात, आणि येताना पेनड्राइव्ह आणतात. तो पेनड्राइव्ह कुठं कुठं तोंड घालून आलेला असतो देव जाणे. गाणी भरायच्या दुकानात, कारखान्याच्या मशीनमध्ये, मेहुण्याच्या लॅपटॉपमध्ये. पहिल्याच वर्षी अशा एका पेनड्राइव्हमधल्या व्हायरसनं माझ्या सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या. लोकांचे अर्ज गेले आणि शिव्या मी खाल्ल्या. तेव्हा कान धरले.

आधी मी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचीच नोकरी केलेली, त्यामुळं उपाय माहीत होता. एकाच कॉम्प्युटरच्या आत वेगवेगळे कॉम्प्युटर चालवायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, मी खोल्या म्हणते. या खोलीतलं त्या खोलीला दिसत नाही. पेनड्राइव्ह लावला की तो आधी नुसता दारात थांबतो. मग यादी येते आणि कॉम्प्युटर विचारतो, कुठल्या खोलीला जोडू? बाहेरच्या माणसाचा पेनड्राइव्ह लाल खोलीला. ती खोली काम झालं की मी पुसूनच टाकते, आत काय घाण आली असेल ती तिच्याबरोबर जाते. पिवळीत इंटरनेटचं काम. हिरव्या खोलीत माझं स्वतःचं आणि लोकांचं जपून ठेवायचं काम. हिरव्या खोलीला परका पेनड्राइव्ह जोडायचा नाही. हा नियम मीच केला होता आणि चार वर्षं एकदाही मोडला नव्हता.

गेल्या वर्षी एक बाई आली. शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहणारी, कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर काम करणारी. तिच्या शेजारच्या मशीनवरच्या बाईची दोन बोटं गेली होती. कंपनी म्हणत होती, तिचाच निष्काळजीपणा. पण हात आत असला की मशीन थांबवणारा जो सेन्सर असतो, त्याच्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती, काम भराभर व्हावं म्हणून. या बाईनं त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, आणि काढताना तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "ही बघा पट्टी. रोजच असती ही."

तिचा आवाज घोगरा, जरा नाकातला. एकदा ऐकला की विसरणार नाही असा.

"ताई, चौकशीच्या सरकारी सायबाला व्हिडिओ द्यायचा हाय," ती म्हणाली. "पण माझा आवाज काढून टाका. तेवढा ऱ्हायला तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. दोन लेकरं हायत, आन् घरात कमावणारी मी एकटीच."

मी तिचा पेनड्राइव्ह लाल खोलीला जोडला. तपासायला बराच वेळ लागतो, तोवर ती स्टुलावर बसून राहिली. मी म्हटलं, थांबावं लागेल, बाहेरचा पेनड्राइव्ह सरळ आत घेत नाही मी. तर म्हणाली, "चांगलंच हाय की. तपासूनच घ्या." मग मी व्हिडिओ हिरव्या खोलीत घेतला. पेनड्राइव्हही तुमच्याच ड्रॉवरमध्ये ठेवा म्हणाली, घरी नको. तिचा आवाज तिथं आहे हे तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

आता मामा. माझी आई त्याची धाकटी बहीण. मी दहावी झाले आणि घरात माझ्या लग्नाचं घाटत होतं, तेव्हा केडगावहून मामा आला आणि वडलांना म्हणाला, पोरगी शिकंल. बस्स, एवढंच. मग मी त्याच्याच घरी राहून दौंडला कॉलेज केलं. रोज सकाळी तो मोटरसायकलवर केडगाव स्टेशनला सोडायचा आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहायचा. माझा पहिला कॉम्प्युटरही त्यानंच आणला, टेम्पोत गादीवर ठेवून. त्याच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर मी भांडायला उठायचे.

मामा कारखान्यांना कामगार पुरवतो. त्या कारखान्यालाही पुरवतो, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणून मला सुटता येणार नाही.

मी व्हिडिओतला आवाज काढायला बसले होते त्याच दुपारी मामा आला. नव्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका छापायची होती, पेनड्राइव्हवर आणली होती. मी खुर्ची दिली, पाया पडले, पेनड्राइव्ह लावला. यादी आली. मी लाल खोली निवडली.

"लाल कशापायी गं?" मामानं विचारलं.

मी कौतुकानं सगळं समजावून सांगितलं. लाल बाहेरच्यांची, हिरवी आपली. शहाणपणा दाखवायची हौस मला पहिल्यापासून.

मामानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजी मी भाईरचा व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडं मामाला दारात ताटकळत ठेवत नाहीत. तो आला की आधी पाणी, मग पाट, आणि त्याच्या हातातली पिशवी कधी उघडून बघायची नाही. मी पटकन पेनड्राइव्ह लाल खोलीतून सोडवला आणि हिरवीला जोडला. "कॉम्प्युटरला काय कळतंय मामा," असं वर म्हणाले. पत्रिका उघडली, प्रती काढायला प्रिंटर सुरू केला आणि मामाला आवडतो तसा गवती चहा घालून चहा करायला मागं गेले. हिरव्या खोलीत व्हिडिओचं फोल्डर उघडंच होतं, फोल्डरला नाव होतं 'प्रेस'. पण मामाला यातलं काय येतंय? मोबाईलवरून साधा फोटो पाठवायचा तर "हे कसं करू गं?" म्हणून मला फोन करणारा माणूस.

चहा घेऊन आले तर पेनड्राइव्ह त्याच्या शर्टाच्या खिशात.

"असा ओढून काढायचा नसतो मामा, खराब होतो," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. झालं की काम," तो म्हणाला, आणि बशीत ओतून चहा प्याला.

आठवड्याच्या आत बाईचा फोन आला. ती रडत नव्हती. "ताई, हापिसात बोलवलं होतं. माझाच आवाज मला ऐकवला त्यांनी."

आधी वाटलं, व्हायरस असेल. खरं सांगते, व्हायरस निघावा म्हणून मी देवाला हात जोडले. मग कॉम्प्युटरची नोंद उघडली. तिथं सगळं होतं. पेनड्राइव्ह लालला जोडला, सोडवला, हिरवीला जोडला. प्रिंटर चालू असतानाच 'प्रेस' फोल्डर त्यावर कॉपी केलेलं. सरळ, सफाईनं, एका फटक्यात. ज्याला काहीच येत नाही त्याचं काम नव्हतं ते. इतकी वर्षं "हे कसं करू गं" म्हणत होता तेही खोटंच होतं की काय, हा विचार आला आणि डोकं सणकलं. चोरीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

वास्तुशांतीला गेले ती जेवायला नाही. मामा मांडवात पाहुण्यांना वाढायला लावत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं. त्यानं नाकबूल केलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

"माझी पोरं हायत तिथं कामाला," तो म्हणाला. "व्हिडिओ भाईर आला आसता तर समद्यांचं काम गेलं आसतं. एका बाईपायी? कंपनीवाल्यांना कुणकुण लागली व्हती, मला म्हणाले बघा जरा. मी बघितलं."

"माझ्या दुकानात? मामा, मी तुमची पोरगी ना?"

"म्हणून तर तुझं नाव कुठं येऊ दिलं न्हाई." आणि मग, अगदी शांतपणे, पाहुण्याला हातानं बसा बसा करत, "आन् जोडला तूच की गं. मी कुठं सांगितलं हिरवीला जोड म्हणून?"

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते त्या मांडवात कळलं. मी न जेवता निघाले. आईनं अजून विचारलेलं नाही, आणि विचारलं तरी तिच्या भावाबद्दल मी तिला काय सांगू?

बाई चार दिवसांनी दुकानात आली. तिला राजीनामा लिहून द्यायला लावला होता, स्वखुशीनं असं लिहून. मी सगळं सांगितलं. मामा कोण, कसा आला, काय केलं. काही लपवलं नाही. ती स्क्रीनकडं बघत ऐकत होती.

"त्यांचा कुठं जोडला व्हता?" तिनं विचारलं.

मी हिरव्या कडेवर बोट ठेवलं.

"आन् मला तवा किती वेळ बसवलं व्हतं हो तुम्ही?"

ती काही रागानं बोलत नव्हती, नुसतं विचारत होती, आणि म्हणून जास्त लागत होतं.

"मी सायबाला व्हिडिओ देणारच," ती म्हणाली. "आवाजासकट देणार. आता काय ऱ्हायलंय? पण माझी मी देईन. माझा पेनड्राइव्ह द्या, आन् तुमच्यातलं समदं पुसा. माझ्यासमोर."

मी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. हिरव्या खोलीतलं फोल्डर पुसलं. अर्धवट आवाज काढलेली फाइलही पुसली.

"दुसऱ्या कुठल्या खोलीत न्हाई ना?"

"नाही," मी म्हटलं. "शप्पथ नाही."

"दाखवा," ती म्हणाली, आणि स्टूल पुढं ओढून बसली. मी एकेक खोली उघडत गेले, लाल, पिवळी, हिरवी, आणि तिनं प्रत्येक खोली शेवटपर्यंत बघितली.