गादीखालचा दाखला

त्या रविवारी दुपारी आमच्या परळच्या खोलीत आम्ही चौघी होतो. मी खाटेवर. सून मोरीपाशी भांडी घासत. नात खाली चटईवर, वह्या मांडून. आणि चौथी ती. तिला सगळी चाळ मॅडम म्हणते. मी नाय म्हणत. मी तिला अगंतुगं करते, कारण म्युन्सिपाल्टीच्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर होतो.

गणितात मी तिच्या पुढे होते. कुणाला सांगितलं तर हसतील, पण तिला विचारा, ती नाय म्हणणार नाय. चौथीनंतर ती पुढे गेली, मी घरी बसले. आई गिरणीत जायची, तीन भाऊ लहान, त्यांना कोण बघणार? मग लग्न झालं. मग संप आला, नवऱ्याची गिरणी बंद पडली ती पडलीच. मी गिरगावात चार घरची धुणीभांडी धरली. मोठा पोरगा गेला, या नातीचा बाप, तेव्हा चार दिवस रजा काढली आणि पाचव्या दिवशी कामावर गेले.

ती मास्तरीण झाली, मग मोठ्या बाई, मग त्याच्याही वर ऑफिसात. दादरला राहते. रिटायर झाली तर गप घरी बसावं ना? नाय. आमच्या विहारामागच्या हॉलमध्ये क्लास काढला. शाळा सुटलेल्या पोरी हुडकत दुकानादुकानातून फिरते, मालकांशी भांडून त्यांचे दुपारचे दोन तास मागून घेते. माझी नात नववीत शाळेतून सुटली, लालबागला चिवड्याच्या दुकानात पाकिटं भरत होती. तिथनं तिला उचलली.

तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाय. मॅडम असं म्हणतात, मॅडमनी तसं सांगितलंय. पोरगी बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. मी म्हटलं, "तिला डायबेटीस आहे बाई, तुला काय झालंय?" हसली, पण साखर घातली नाय. लहानपणापासून हिला भरवलं मी, वेण्या घातल्या मी, आणि हिला व्हायचंय तिच्यासारखं. आतून नुसती आग व्हायची. खोटं कशाला बोलू, नातीचा पण राग यायचा. मी दुसऱ्यांची भांडी घासत होते तेव्हा मला कुणी उचलून नेलं नव्हतं.

तर त्या रविवारी ती आली फॉर्मसाठी. शाळा सुटलेल्या पोरांनी बाहेरून दहावीला बसायचं, त्याचा तो सतरा नंबरचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, ओरिजनल, झेरॉक्स चालत नाय. आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख.

"दाखला कुठाय गं?" तिनं मला विचारलं.

दाखला माझ्या गादीखाली होता. रेशनकार्ड, लाइटबिलं, सगळं मी तिथंच ठेवते. मी त्याच्यावरच बसले होते.

"सापडत नाय," मी म्हटलं.

ठरवून नाय बोलले. पण बोलल्यावर शब्द मागेही घेतला नाय.

सुनेनं भांडी सोडली, ट्रंक उपसली. "आई, तुमच्याकडेच दिलेला ना?"

"असेल कुठंतरी. माझे गुडघे दुखतायत, मला उठवू नका."

"नको उठूस, बस तू," ती म्हणाली आणि स्वतः वाकून कपाटाखाली बघायला लागली. पदर खोचून, माझ्याच वयाची बाई. मला बरं वाटलं. वाकू दे, म्हटलं.

मिळेना. ती चटईवर बसली. "उद्या शाळा उघडली की मीच जाते, डुप्लिकेट मागते."

"एका दिवसात देतात का मॅडम?" सून म्हणाली.

तेव्हा नात वह्या गोळा करायला लागली. आवाज न करता, एकावर एक. "जाऊ दे मॅडम. दिवाळी आलीय, दुकानात माणूस हवंच आहे."

तोंडावर काही नाय. डोळ्यात पाणी नाय, राग नाय. चौथीनंतर आमच्या बाई मला परत न्यायला घरी आल्या होत्या. भावाला कडेवर घेऊन मी दारात अशीच उभी होते. "जाऊ द्या बाई, आईला कामाला जायचं असतं." सगळे म्हणाले, पोरगी शहाणी आहे.

मी उठले. गादी उचलली, दाखला काढला, नातीच्या हातात दिला.

सून बघतच राहिली. "आई! यावरच बसलेलात?"

माझी बाकावरची मात्र हसायला लागली. "अगं, ही शाळेत माझी पेन्सिल अशीच खाली घेऊन बसायची. सगळा वर्ग शोधायचा."

"पेन्सिल माझी होती," मी म्हटलं.

"बरं, तुझी. गणित पण तुझंच होतं." एवढं बोलून तिनं चष्मा लावला आणि फॉर्म भरायला घेतला.

नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. बरोबर केलं.

फॉर्म गेला. परीक्षा मार्चमध्ये. माझं जळणं काय गेलं नाय. ती फळ्यासमोर उभी राहते, पोरी तिच्याकडे बघत असतात, आणि मी हॉलच्या दाराबाहेर चपलांजवळ बसते. तिच्या जागी मी असते, असं रोज येतं मनात. सोपं गणित असलं की पोरींच्या आधी माझं उत्तर तयार असतं. सांगत नाय कुणाला.

आता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, महिनाभर तिला फळ्याजवळ जायचं नाय. पोरींचं गणित अर्ध्यावर राहिलंय. हे जो कोणी वाचत असेल त्याला दहावीचं गणित येत असेल, तर दुपारी दोन तास आमच्या हॉलमध्ये या. चौथीपर्यंतचं मी बघेन. पुढचं मला येत नाय.