ट्रॉलीतली बाराखडी

उषाचा वर्ग पळायचा. खरंच पळायचा हो! सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून रोज सकाळी बायकांनी भरलेली ट्रॉली रावेरकडे केळी भरायला निघायची, आणि तेवढ्या वाटेत उषा त्यांना लिहायला-वाचायला शिकवायची. ती बारावी झालेली, पण मजुरीला त्यांच्याच सोबत. आधी संध्याकाळी वर्ग ठेवला, तेव्हा एकही बाई फिरकली नव्हती. चूल सोडून कोण येणार? मग ही बया फळा घेऊन ट्रॉलीतच चढली. एकीने फळा धरायचा, बाकीच्यांनी एकमेकींना. खड्डा आला की ‘क’ची शेपटी थेट शेजारणीच्या लुगड्यावर!

साठीची यशोदाबाई स्वतःचं नाव लिहू लागली, तेव्हा उषाला आभाळ ठेंगणं झालं. आणि नेमका तेव्हाच मुकादम आडवा आला.

"हल्ली रोज उशीर! माझा ट्रक खोळंबतो," रतिलालभाऊ कडाडला. "उद्या उशीर झाला तर हा फळा-बिळा बंद. कामाला येता का शाळेला?"

उषाचं तोंड एवढंसं झालं. वर्गामुळे उशीर कसा? ट्रॉली तर कुठे थांबत नव्हती. ती तणतणत ट्रॅक्टरवाल्या सुकलालकडे गेली. केस पिकलेला, दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस.

"सुकलालभाऊ, ट्रॅक्टर हाकता का बैलगाडी?"

त्याने मान खाली घातली. "ताई, जोरात हाकला तं इंजिनापुढं तुमचं काहीच ऐकू येत नाही मले. इथं ऐकतो, मंग घरी नातीच्या पुस्तकात अक्षरं पाहतो."

अगं बाई! म्हणजे हाही विद्यार्थीच, पाठमोरा! रागवावं की नाचावं, उषाला कळेना.

दुसऱ्या दिवशी उशीर टाळायला ट्रॅक्टर भन्नाट सुटला. इंजिनाच्या धडधडीत उषाचा आवाज कुठच्या कुठे विरून गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

"रडते कायले?" यशोदाबाईने पदर खोचला. "आपण बठ्ठ्या जणी ओरडू!"

आणि काय ओरडल्या! "का! कि! की!" रस्त्याकडेच्या केळीच्या बागांतले मजूर काम टाकून बघायला लागले. पुढून सुकलालचा आवाज सगळ्यांच्या वर. उषा तर हसून हसून बेजार.

तेवढ्यात वळणावर करकचून ब्रेक लागला. बायका एकमेकींवर कोसळल्या. सुकलाल रस्त्याकडेच्या पाटीकडे बोट दाखवत होता.

"वा... ह... ने... सा... व... का... श... चा... ल... वा!"

मग जो गलका झाला!

"पोरगा होतो तवापासून याच रस्त्यानं जातो मी," सुकलाल म्हणाला. "अन् ही पाटी मलेच सांगत होती?"

पाटीपाशी वेळ गेला, आणि पोचेपर्यंत उशीर झालाच. रतिलालभाऊ घड्याळ दाखवत पुढे आला. पण त्याने तोंड उघडायच्या आत सुकलाल खाली उतरला, आणि त्याने ट्रॅक्टरची चावी मुकादमाच्या हातावर ठेवली.

"उद्यापासून आम्ही लवकर निघू, भाऊ. पण वर्ग बंद करायचा असंल, तं दुसरा ट्रॅक्टरवाला पाहा."

"अन् मजूरही दुसरे!" ट्रॉलीतून यशोदाबाई गरजली.

रतिलालभाऊ एकदा ट्रॉलीकडे बघे, एकदा खोळंबलेल्या ट्रककडे. शेवटी त्याने चावी सुकलालच्या खिशात कोंबली. "निघा मग लवकर! आता केळीच्या खोक्यांना हात लावता का?"

बायकांनी हो हो करत उड्या टाकल्या. सुकलाल मात्र उषाजवळ घुटमळला.

"ताई, परतताना पुढचं शिकवाल ना?"