मन्सूरचं हेवी लायसन

चंद्रपूरच्या घुटकाळ्यात राहणाऱ्या मन्सूरची अर्धी जिंदगी स्टिअरिंगमागे गेली होती, तरी त्याला ड्रायव्हर कोणी म्हणत नसे. एका फर्निचरवाल्याची मेटॅडोर तो चालवायचा. लोखंडी कपाटं, दिवाण, लग्नसराईत ड्रेसिंग टेबलं. जायचं कुठे, तर राजुरा, मूल, फार झालं तर गोंडपिपरी. आरसे तडकू नयेत म्हणून इतकी हळू चालवायचा की सायकलवाले घंटी वाजवत पुढे निघून जात. मोठ्या गाडीचा विषय निघाला की म्हणायचा, "आपली लहानच बरी."

मोठी गाडी पाहिजे होती ती त्याच्या पोराला. शहबाज तेवीस वर्षांचा, जीप चालवणारा. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या स्टाफची ने-आण करणाऱ्या ठेकेदाराच्या मिनीबस त्याच्या डोळ्यांत भरल्या होत्या. त्यासाठी त्याने वामनरावांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. बारा दिवस शिकला. तेराव्या दिवशी एका सर्वेवाल्या पार्टीला जीपवर माणूस हवा होता म्हणून मुलचेऱ्याला गेला, आठवडाभर तिकडेच जंगलात फिरला आणि अंगात ताप घेऊन परत आला. मेंदूचा मलेरिया, डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी संपला. अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरची ही गोष्ट.

मन्सूरने खांदा दिला, माती दिली, आलेल्यांना पाणी विचारलं. रडला नाही. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, धक्का बसलाय, वेळ लागेल. चाळिसावा उरकला तरी डोळे कोरडेच, तेव्हा तेच लोक एकमेकांकडे पाहू लागले. नाहीदचा, त्याच्या बायकोचा, रडून रडून आवाज बसला होता. एकदा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमचा पोरगा नव्हता का तो?"

"होता," मन्सूर म्हणाला. आत शोधायला जावं तर तिथे काही हातालाच लागत नव्हतं. दुःख म्हणावं असंही काही नव्हतं. ताट वाढलं की जेवायचा. आंघोळीला उठा म्हटलं की उठायचा. कोणी काही म्हटलं नाही तर तसाच भिंतीला टेकून बसून राहायचा. फर्निचरवाल्याने दोन महिने वाट पाहिली, मग दुसरा माणूस ठेवला. तसं सांगायला तो स्वतः घरी आला, त्यावर मन्सूर म्हणाला, "बरं."

जानेवारीत वामनराव आले. एसटीतून रिटायर झालेला माणूस, साठी ओलांडलेली, पांढरा शर्ट, लुनाच्या हँडलला पिशवी. चहा पिऊन झाला तरी शहबाजचं नाव काढलं नाही. उठता उठता म्हणाले, "मन्सूरभाई, उद्या दहाले आरटीओत येजो. आपलं लायसन घेऊन."

"कशाले, भाऊ?"

"हेवीचं लर्निंग काढू. बसच्या ठेकेदाराले वयस्कर माणूस पाह्यजे. पोट्टे लय उडवतेत म्हणते गाड्या."

मन्सूरच्या आधी दारातून नाहीदच बोलली, "येतील ते."

आणि तो गेला. जायचं की नाही, असा प्रश्नच त्याला पडला नाही. वामनरावांनी सांगितलं आधी डॉक्टरचा दाखला, तो डॉक्टरकडे गेला. एक डोळा झाकून अक्षरं वाच म्हटलं, वाचली. फोटो आण म्हटलं, आणले. या खिडकीतून त्या खिडकीत जा म्हटलं, गेला. आरटीओच्या त्या गर्दीत लोक कपाळाला हात लावून बसले होते, शिव्या घालत होते. मन्सूरला मात्र तिथे बरं वाटलं, किंवा बरं वाटण्याच्या जवळपासचं काहीतरी. पुढे काय करायचं ते दर वेळी कोणीतरी सांगत होतं.

लर्निंगच्या परीक्षेला रस्त्यावरच्या खुणा विचारत. पोरगी कहकशाँ नववीत होती. ती पुस्तक घेऊन बसली, नावं हाताने झाकून चित्रं दाखवू लागली.

"हे काय, अब्बा?"

"वळण. डावीकडं."

"आणि हे?"

लाल गोलात भोंगा आणि त्यावर आडवी रेघ. मन्सूरने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "बाजा वाजवू नका," तो म्हणाला. "लग्न बंद."

कहकशाँ फसकन हसली. घरात तीन महिन्यांत कोणी हसलं नव्हतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. पोरीने घाबरून तोंडावर हात ठेवला, तशी आतून नाहीद म्हणाली, "पुढचं विचार." मन्सूरने मुद्दाम गंमत केली नव्हती, पण हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

शिकवणीची गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस होती, मागे पुढे लाल एल रंगवलेली. पहिल्या दिवशी वामनरावांनी हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. त्यात पान उलटताना मन्सूरला शहबाजच्या सह्या दिसल्या. एकाखाली एक बारा. मराठीतली सही, श चं डोकं मोठं. वामनराव दुसरीकडे पाहत उभे राहिले. मन्सूरने स्वतःचं पान काढलं, सही केली आणि पेन परत दिला.

हात त्याचा पहिल्यापासून साफ होता. मोठं चाक, लांब गिअर, वळताना मागचं धूड आत ओढलं जातं ते सगळं आठवड्यात जमलं. वामनरावांना त्यात खोट काढता येईना. पण काहीतरी खटकत होतं. दोन आठवड्यांनी त्यांनी गाडी लोहाऱ्याकडच्या जंगलातल्या रस्त्यावर घ्यायला लावली, तेव्हा ते काय आहे ते कळलं. सागाच्या झाडीतून एक गाय रस्त्यावर आली. मन्सूरने ती पाहिली होती. पण वामनराव ओरडले तेव्हा कुठे त्याने ब्रेक दाबला, आणि बस गायीच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली. गाय निवांत निघून गेली. वामनरावांनी हँडब्रेक ओढला.

"दिसली नाई का तुले?"

"दिसली."

"मंग?"

"माहीत नाई, भाऊ."

वामनरावांनी इंजिन बंद करायला लावलं. "तुले भेव वाटत नाई काय?"

मन्सूरने खरंच विचार केला. "नाई. कशाचंच नाई वाटत."

"हे पाह्य," वामनराव म्हणाले, "तुह्या घरात काय झालं ते मले माहीत आहे. पण मागं तीस माणसं बसतीन. ज्याले भेव नाई त्याच्या कागदावर मी सही करणार नाई. तू कितीही चांगली चालव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मन्सूरला स्टिअरिंगवर बसूच दिलं नाही. सगळ्यात मागच्या सीटवर, मागच्या चाकांच्याही मागे, बसवलं आणि गाडी लच्छू नावाच्या नवशिक्याच्या हातात दिली. तो ट्रॅक्टर चालवून आलेला माणूस, बसही ट्रॅक्टरसारखीच चालवायचा. पहिल्याच खड्ड्यात मन्सूर सीटवरून उडाला. दुसऱ्यात पुढच्या दांड्यावर तोंड आपटलं, ओठ फुटला, रक्त शर्टावर आलं. वामनरावांनी पुढून वळून पाहिलं, पण गाडी थांबवायला सांगितलं नाही. पाच दिवस असंच चाललं. मागे बसलेल्याला रस्ता दिसत नाही, पुढे काय येतंय ते कळत नाही, धरायला फक्त दांडा असतो, हे मन्सूरच्या हाडांना कळलं.

सहाव्या दिवशी वामनरावांनी त्याला पुढे बोलावलं.

"आता आलं का भेव?"

खोटं बोलावं असं एक क्षण मन्सूरच्या मनात आलं. "नाई आलं, भाऊ. पण काय करायचं ते समजलं."

"मनात येत नाई त राहू दे. पायाले शिकव. जनावर दिसलं, पोरगं दिसलं, वळण दिसलं, पहिले पाय ब्रेकवर गेला पाह्यजे. मन येईन मागून, नाई त नाई येणार."

मग महिनाभर त्यांनी फक्त तेच करून घेतलं. बाजूला बसून मध्येच टाळी वाजवायची, की मन्सूरचा पाय ब्रेकवर. शेवटी शेवटी तर टाळीच्या आधी पाय जायला लागला. कुठे झुडूप हललं तरी. एप्रिलमध्ये वामनरावांनी सर्टिफिकेटवर सही केली. करताना दोनदा त्याच्याकडे पाहिलं.

टेस्टला तो पहिल्या खेपेला नापास झाला. रिव्हर्समध्ये मागचा बंपर खांबाला घासला. शेजारी आणखी एक पोरगा नापास झाला होता, तो लाथेने धूळ उडवत होता. मन्सूरने पुढची तारीख विचारून घेतली आणि घरी येऊन जेवला. दुसऱ्या खेपेला इन्स्पेक्टर नवे होते. फॉर्मवरचं वय पाहून म्हणाले, "एवढ्या उशिरा कशी काय आठवण झाली, चाचा?"

"बोलावलं म्हणून आलो, साहेब."

साहेबांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण त्याने गाडी चढावर थांबवून बोटभरही मागे न सरकू देता उचलली, आठाच्या आकड्यात फिरवली, मागे घेऊन बरोबर खांबांच्या मधोमध उभी केली. साहेब उतरून सही करून मोकळे झाले. लायसनच्या पुस्तकात नवा शिक्का पडला. पोलीस पडताळणी होऊन जूनमध्ये बस चालवणाऱ्याचा पितळी बिल्लाही मिळाला.

नाहीदने बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ती काहीतरी बोलेल, निदान रडेल, असं कहकशाँला वाटलं. तिने तो पदराने पुसला आणि त्याच्या खाकी शर्टाच्या खिशावर लावून दिला. पिन नीट बसेना, तर दोनदा काढून पुन्हा लावला. मन्सूर हात खाली सोडून उभा होता.

"दुखलं का?" तिने विचारलं. पिन त्याच्या छातीला टोचली होती.

"हो," तो म्हणाला.

ती थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. सात-आठ महिन्यांत त्याने कशालाही हो दुखलं असं म्हटलं नव्हतं. पण तो तेवढंच बोलला, आणि तिने पिन पुन्हा सरळ केली.

पहिली ड्यूटी सकाळच्या पाळीची. जटपुरा गेटपासून माणसं चढत गेली, डबे मांडीवर, अर्ध्यांचे डोळे मिटलेले. दुर्गापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत निम्मी बस झोपली होती. वीज केंद्राच्या गेटवर ती सगळी उतरली. नव्या ड्रायव्हरकडे कोणी पाहिलंही नाही. मन्सूरला ते आवडलं. रिकामी बस झाडाखाली लावून तो दुपारपर्यंत सीटवरच बसून राहिला.

त्यानंतर तेरा वर्षं त्याने ती पाळी केली. स्टाफमध्ये त्याचं नाव भित्रा ड्रायव्हर असं पडलं. कुत्रं दिसलं तरी गाडी हळू करतो म्हणून पोरं हसायची, बायका मात्र त्याच्याच बसची वाट पाहायच्या. दर तीन वर्षांनी तो लायसन नवं करायला जाई, अक्षरं वाची, सही करी. वामनराव दोन हजार पाचला गेले, तेव्हा बस ठेकेदाराकडे लावून अंगावरच्या खाकी शर्टातच तो त्यांच्या घरी जाऊन बसला होता, सगळ्यात मागे.

मन्सूर पुढे कधी रडला का, हे कहकशाँने लग्नानंतर एकदा आईला विचारलं. नाहीद कणीक मळत होती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पाळी सुटली की अडीचला येतात. मी भाकरी गरम ठेवते."